न दिलेली ओळ

नोकरी सोडते म्हणून सगुणाबाईंनी सांगितलं, तेव्हा धर्मराज साहेब टेबलावर पसरलेली सरकी बोटांनी चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठल्या कंपनीनं बोलावलं, बाई?"

इतकी वर्षं हा माणूस तिला मावशी म्हणत आला होता.

"कंपनी कशाची, साहेब. माझ्या लेकीला, आकांक्षाला, पुण्यात लेकरू झालंय. सासू न्हाई तिला. सुट्टी संपून राह्यली, मंग लेकरू कोण बघंल?"

"सगळे असंच सांगतात. आपल्याकडचा संघपाल आईचं दुखणं सांगून गेल्ता. आता दुसऱ्या कंपनीच्या गाडीत फिरतो."

"मला चार दिवस राहू द्या. झुंबरबाईला गाणं देते अन् जाते."

"गाणं?" साहेब हसले. "बिलकुल न्हाई. उद्यापासून येऊ नका. बाया लई मिळतात."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती निघाली. खिडकीतून तिची पाठ दिसत होती. नवा साहेब म्हणून ते पहिल्यांदा या शेतावर आले होते, उन्हानं चक्कर येऊन बांधावर पडले होते, तेव्हा हिनंच आपल्या फडक्यातली भाकर त्यांना भरवली होती. साहेबांनी खिडकी लावून घेतली.

तीर्थपुरीजवळचं ते शेत बियाण्याच्या कपाशीचं. उद्या उमलणाऱ्या कळ्या बाया दुपारी हलक्या हातानं सोलत, आतला पराग काढत आणि खुणेला लाल दोरा बांधत. सकाळी त्या फुलांवर नर वाणाच्या कपाशीचं फूल फिरवत. पहिल्या तासाला, कपाशीच्या पहिल्या रांगेत, सगुणाबाई गाण्याची ओळ टाकायची, मागच्या बाया ती उचलायच्या, आणि सगळ्यांचे हात एका चालीत चालायचे.

*पिवळ्या गं फुलाला, लाल दोऱ्याची खूण*
*कुणाच्या गं लेकी, जाती सासरी इथून*

दुसऱ्या दिवशी दव सुकलं, फुलं उघडली, बाया तासांत शिरल्या. आवाज फक्त पानांचा.

साहेब बराच वेळ बांधावर थांबले. मग म्हणाले, "झुंबरबाई, आज मुक्या झाल्यात का सगळ्या? म्हणा की."

"कसं म्हणायचं, साहेब?"

"तुम्हाला येत न्हाई का?"

"येतंय की. सगळ्यायला येतंय." झुंबरबाईनं हातातलं फूल संपवलं. "पण सोडून जाणारी बाई मागं उभी राहती, पाठीवर हात ठेवती, पहिली ओळ म्हणती. मंग आपण उचलायची. सगुणामावशीला बी असंच भेटल्तं. न देता उचलतेत ते फकस्त मेल्या बाईचं गाणं. मावशी तर जित्या हायेत."

मागच्या तासातली वंदना म्हणाली, "का साहेबानं मारून टाकल्या?"

कुणी हसलं नाही.

असेच आठ दिवस गेले, मग एका सकाळी साहेब लिंबाखाली गेले. फोन लावला. पलीकडे लेकरू रडत होतं.

"मावशी, धर्मराज बोलतोय."

"मावशी म्हणलात," सगुणाबाई म्हणाल्या. "बरे हायेत ना साहेब? टोपी घालून फिरता ना उन्हात?"

"या ना एक दिवस. गाडी पाठवतो. झुंबरबाईला गाणं देऊन जा."

"आता कशी येऊ? आकांक्षा कामाला गेली. लेकरू माझ्याबिगर ऱ्हाईना."

"मंग फोनवर द्या."

"अन् हात कुठं ठेवू, साहेब?"

लेकराचं रडणं वाढलं. सगुणाबाईंनी फोन बाजूला ठेवला असावा, बंद करायला विसरल्या. मग दुरून, हळू, थोपटण्याच्या चालीत ओळ आली. पिवळ्या गं फुलाला.

साहेबांनी फोनचा आवाज मोठा केला, तासांपाशी आले आणि फोन धरलेला हात उंच करून उभे राहिले. बायांचे हात थांबले. झुंबरबाईचे ओठ हलले. तिची पाठ तशीच ताठ राहिली, कुणीतरी मागं येऊन उभं राहील अशी.

लेकरू झोपलं. गाणं थांबलं. फोनमधून आता पंख्याची घरघर तेवढी येत होती.

बाया पुन्हा वाकल्या, मुक्यानंच. त्या वर्षी बोंडं चांगली भरली, बियाणंही तपासणीत पास झालं. दिवाळीआधी एकदा वरचे साहेब पाहायला आले आणि म्हणाले, तुमच्या शेतावर शिस्त मोठी आहे, कसला आवाज नाही.

धर्मराज साहेबांनी टोपी काढून हातात घेतली आणि उन्हातच उभे राहिले.