चिंचेच्या वळणावरचा तहानलेला दिवा

गुरुवारी सकाळी घाटातल्या चिंचेच्या वळणावर पाय ठेवायला जागा नसायची. कापूस वेचायला निघालेल्या बाया, दिग्रसच्या बाजाराला चाललेले दुकानदार, शाळा बुडवून आलेली पोरं, सगळे एका जुन्या जीपभोवती दाटीवाटीने उभे राहत. बघायचा असे फक्त दिवा. ड्रायव्हरच्या पुढ्यातला तो बोराएवढा लाल दिवा पेटलेला असे आणि झारीबाबा उघड्या बोनेटपाशी डोळे मिटून उभे असत.

"माय तहानली हाये," बाबा सांगत. "लाल डोया करून पाहून राह्यली. या टोपणातून दोन वायरी निघाल्या ना, ते तिचे कान. सारं आयकते. पाज रे गोविंदा."

मग जीपचा मालक गोविंदा वायरींचे ते टोपण उघडी आणि बाबांच्या पितळी झारीतले पाणी खालच्या टाकीत हळूहळू सोडी. टोपण बसवले की दिवा विझे. बाया हात जोडत, बाबांच्या ताटात नोटा पडत. वायरींना ऐकू येते हा शोध तोवर कुण्या शास्त्रज्ञाला लागला नव्हता, पण चिंचेखाली कुणाला त्याचे नवल वाटत नव्हते.

गोविंदा मात्र लबाड नव्हता. त्याला यातून एक दमडी मिळत नव्हती. त्याचे दुखणे वेगळे होते. फवारणीने माणसे दगावली त्या वाईट वर्षी त्याची बायको विजयमाला दुसऱ्याच्या शेतात कपाशीचे औषध कालवून द्यायला गेली आणि भरदुपारी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर कोसळली. गोविंदाने तिला याच जीपमध्ये घातले. वाटभर ती ग्लानीतून जागी होई, पाणी मागे आणि पुन्हा ग्लानीत जाई. विष अंगात गेलेल्या माणसाला पाणी देऊ नये असे त्याने कुठेतरी ऐकले होते, म्हणून बाटली हाताशी असून त्याने दिली नाही. चिंचेच्या वळणावर तिचे मागणे थांबले ते कायमचे.

पुढच्या हंगामात नेमक्या त्याच वळणावर लाल दिवा पहिल्यांदा लागला. वळण सरले तसा विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. दिग्रसच्या हबीब मिस्त्रीने ऐकून सांगितले की हा ब्रेकचा दिवा आहे, गाडी इथेच सोड, एक दिवस थांब. पण कापसाच्या हंगामात जीप उभी ठेवायची म्हणजे तिच्यातून शेतावर जाणाऱ्या बायांचा रोज, दिवसाची मजुरी, बुडणार. गोविंदा उद्या-परवा करीत राहिला. तेवढ्यात झारीबाबा कुठून तरी उगवले. कुठून, ते कुणी विचारले नाही. चहाच्या टपरीवर त्यांनी विजयमालाची सगळी हकिगत आधीच ऐकून ठेवली होती, हेही कुणाच्या ध्यानात आले नाही. त्या दिव्यातून विजयमालाच पाणी मागते आहे असे त्यांनी सांगितले आणि गोविंदाने मानले.

आणि खरे सांगायचे तर दिवा लागायचा बंद व्हावा असे गोविंदाला वाटतच नव्हते. संध्याकाळी रिकामी जीप घेऊन परतताना वळण जवळ आले की तो वेग कमी करी. दिवा लागला की तो गाडी बाजूला घेई आणि हलक्या आवाजात दिवसभराचे सांगत बसे. लेकीचा, सुरभीचा, दात पडला, तिला आता वेणी घालता येते, भाजीत मीठ जास्त झाले. मग तो पाणी पाजी. दुसऱ्या दिवशी टाकीतले पाणी कमी झालेले असे, म्हणजे ती पीत होती. ज्या माणसाने मरत्या बायकोला घोटभर पाणी दिले नाही, त्याला हे सुख सोडवेल कसे? त्याने जन्मभर पाजले असते.

पौषात ब्रेकचे पेडल मऊ पडायला लागले. घाट उतरताना पाय खोल जाई आणि खाली कुणीतरी धरून ओढते आहे असा भास होई. बाबा म्हणाले, तहान वाढली. गोविंदाने पाणी वाढवले.

आणि एका सकाळी भरल्या जीपने, शेजारी सात वर्षांची सुरभी बसलेली असताना, वळणाच्या खाली पेडल सरळ तळाला टेकले. गाडी थांबेना. मागे बाया ओरडत होत्या, समोर दरी उघडत होती. गोविंदाने स्टिअरिंग फिरवून जीप रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगात घातली. जीव वाचले. म्हाताऱ्या तानाबाईचा हात मोडला आणि सुरभीच्या कपाळाला खोक पडली.

सगळ्यांना उतरवेपर्यंत वळणावरून बाबा धावत आले. त्यांनी सर्वांसमोर गोविंदाला पेडल दाबायला लावले, आणि आता ते चांगले घट्ट होते. लोकांच्या अंगावर काटा आला. बाबांनी आवाज खाली आणला. "गाडीत खोट नाही. मायले आता एकटं करमत नाही. लेकरू मागून राह्यली. येत्या गुरुवारी पोरीच्या हातानं पाणी पाजा, नाहीतर मी जबाबदार नाही."

गोविंदा खालच्या गावच्या दवाखान्यात पोरीला टाके घालून घेत होता तेव्हा तो सारखा गुरुवारचे काहीतरी पुटपुटत होता. डॉक्टर शमा हबीब मिस्त्रीचीच मुलगी. वर्षापूर्वी विजयमालाला तपासून मान हलवली होती तीही तिनेच. तिने विचारले, एवढे घाबरलात कशाने, आणि गोविंदाने सगळे ओकून टाकले. शमाने एवढेच विचारले की पाणी नेमके कोणत्या टाकीत ओतता. उत्तर ऐकून ती खुर्चीतून उठली.

गुरुवारी गर्दी दुप्पट होती. जीप कुंकवाने माखून चिंचेखाली उभी केली होती आणि लाल दिवा पेटला होता. शमाने गोविंदाला टोपण काढायला सांगितले. टोपणाखाली एक लहानसा तरंगता गोळा लोंबत होता. तिने तो बोटाने वर उचलला. दिवा विझला. सोडला, दिवा लागला. गळ्यात हात बांधलेल्या तानाबाईच्या दुसऱ्या हातात तिने टोपण दिले. तानाबाईने भीत भीत गोळा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

"माय तर माह्यं बी आयकते," ती म्हणाली, आणि दोन-चार बाया हसल्या.

"ब्रेकच्या या टाकीत तेल कमी झालं की गोळा खाली जातो अन् दिवा लागतो," शमा म्हणाली. "इथं गाडी एका अंगाला कलते, तेल सरकते, म्हणून पहिल्यांदा इथंच लागला. पाणी ओता, रॉकेल ओता, गोळा वर येणारच." मग तिने गोविंदाला मागच्या चाकाच्या आतून हात फिरवायला लावला. हात गळलेल्या तेलाने ओला चिकट निघाला. रोज कोण पीत होते ते त्याच्या बोटांना लागले होते.

बाबा गरजले, "मंग ब्रेक गेले अन् परत आले, ते कसे?"

शमा वाटेत वडिलांकडून नव्या तेलाचा डबा घेऊनच आली होती. चहावाल्या भुरीबाईच्या टपरीवरच्या स्टोव्हवर तिने दोन पळ्या धरल्या. एकीत जीपच्या टाकीतले, दुसरीत डब्यातले. जीपचे थोड्याच वेळात बुडबुडे सोडून फसफसायला लागले. डब्यातले शांत होते. तिने समजावले की घाटात ब्रेक तापतात, तेलातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेवर जोर दिला की ती नुसती चेपते, जोर चाकापर्यंत जातच नाही. गार झाले की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल घट्ट लागते.

बाबा हसून म्हणाले, शिकलेल्यांना श्रद्धा नसते. शमाने त्यांची झारी उचलली आणि चिंचेला टेकलेल्या त्यांच्या कोऱ्या मोटारसायकलकडे निघाली. "तुमच्याही हँडलवर ब्रेकच्या तेलाची डबी आहे. थोडं तीर्थ तिलाही पाजू."

बाबांनी झेप घेऊन डबीवर तळहात ठेवला. "थे नोको. तेल खराब होते."

आपण काय बोलून बसलो ते बाबांना कळले, पण उशिरा. मोटारसायकल गर्दीतून ढकलत नेऊन सुरू करेपर्यंत बायांनी त्यांना जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

गोविंदा चाकाला पाठ टेकून खाली बसला होता. "म्हंजे ती नव्हतीच, डॉक्टरबाई? एकबी दिवस?"

"नव्हती, भाऊ." शमा त्याच्यासमोर बसली. "आणि त्या दिवशी तिची शुद्ध येत-जात होती. पाणी पाजलं असतं तर श्वासनळीत गेलं असतं. तुम्ही दिलं नाही ते बरोबर केलं. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

विजयमाला गेल्यापासून गोविंदा पहिल्यांदा रडला. सुरभीने येऊन त्याच्या मांडीवर बूड टेकवले.

हबीबने चाकातले रबर बदलले, सगळे तेल काढून नवे भरले. पहिल्या संध्याकाळी गोविंदा वळणावर आला तेव्हा दिव्याची जागा काळी होती. सवयीने त्याने बोलायला तोंड उघडले. मग मिटले. वळण फार लांबलचक वाटले त्याला.

पुढच्या हंगामात बाजाराच्या सपाट रस्त्यावर दिवा पुन्हा लागला. गोविंदाने तिथल्या तिथे जीप थांबवली, चाकाला दगड लावला, बायांना उतरवले आणि हबीबला फोन केला. रोज बुडतो म्हणून तानाबाई कुरकुरली. त्याने ऐकून घेतले.

दिवा काहीतरी सांगण्यासाठी लागतो. तो लागल्यावर नारळ फोडू नका, उद्यावर ढकलू नका. गाडी थांबवा आणि जाणत्याला दाखवा. आपले मेलेले आपल्याला हवेहवेसे वाटतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण त्या ओढीवर कुणी झारी घेऊन टपलेला असेल तर आपल्या शेजारी कोण बसले आहे ते आधी बघा.

ऊन चढले तशी सुरभी म्हणाली, "बाबा, तहान लागली." गोविंदाने सीटखालची बाटली काढली, टोपण उघडले आणि तिच्या हातात दिली.