कोरा लॅपटॉप

“अहो, या डब्याच्या डोक्यावरच ताटं मांडू का आता?” बायकोने विचारलं.

“पाच मिनिटं थांब. बघतोय.”

“अकरा वर्षं तुमची पाच मिनिटंच चाललीत.”

जेवणाच्या टेबलावरच्या त्या जुन्या लॅपटॉपात कोणी काही ठेवायचं नाही, असा घरात नियम होता. प्रत्येक तपासणीआधी तिचे यजमान, पेटीवाले, तो पार पुसून काढत आणि नुसतं विंडोज चढवून दुकानातून आणल्यासारखा कोरा करत. एकदा बायकोने नातीला पहिले दात आले तेव्हाचे फोटो त्यात ठेवले होते. तेही पुसले गेले. दुसरीकडे कुठे नव्हते. ती त्याबद्दल फार बोलली नाही, पण विसरलीही नाही.

पेटीवाले हे त्यांचं टोपणनाव. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करता करता चाळिशीनंतर ते कॉम्प्युटर शिकले आणि आराखडे काढायच्या एका मोफत प्रोग्रॅमच्या कामाला लागले. ठिकठिकाणची माणसं मिळून तो लिहीत आणि फुकट वाटत. ज्याला हवा त्याने उघडून बघावा, बदलावा. लिहिणारे वेगळे. त्यांचं लिहून झालं की सगळं एका फाइलीत, म्हणजे ‘पेटीत’, असं बांधायचं की विंडोजवाल्याने दोनदा टिचकी मारताच ते चालू व्हावं, हे यांचं काम. त्यातला नाजूक भाग स्क्रिप्टचा. फरशी बसवणाऱ्याने चार ओळी लिहिल्या की पाचशे फरशा आपोआप आखल्या जात. पण त्या ओळी समजायला स्क्रिप्टची भाषा यंत्रात हवी. लोकांकडे ती नसते, म्हणून पेटीतच घालून द्यायची. घालायची राहिली तर बांधणाऱ्याला कळत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या यंत्रात ती आधीपासून असते. कोरा लॅपटॉप त्यासाठी.

लिहिणाऱ्यांची नावं प्रोग्रॅमच्या माहितीच्या खिडकीत येत. बांधणाऱ्याचं कधी आलं नाही. पेटीवाले प्रत्येक आवृत्तीच्या टिपणात शेवटी एक ओळ घालत, ‘कोऱ्या यंत्रावर तपासले’. तेवढीच त्यांची जागा.

आणि दोन महिन्यांपूर्वी ती नवी मुलगी आली. पेटीवाल्यांना पेटी बांधायला तीन दिवस लागत. तिने असं काही जुळवलं की एक बटण दाबलं की वीस मिनिटांत पेटी तयार. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेटीवाल्यांनीही वाजवल्या, आणि रात्रभर कूस बदलत राहिले. अकरा वर्षांत त्यांच्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती.

आज संध्याकाळी सहाला तिची पहिली पेटी बाहेर पडणार होती. पेटीवाले ती फुटावी म्हणून तपासत होते.

प्रोग्रॅम चढला. उघडला. वर्तुळ निघालं. त्यांचं तोंड उतरलं. मग त्यांनी स्क्रिप्टची खिडकी उघडून एक ओळ लिहिली, आणि लाल अक्षरं आली. भाषा सापडत नाही.

“चहा टाकतेस का?” ते म्हणाले.

“जेवणाआधी चहा? लॉटरी लागली की काय?”

तेवढ्यात फोन वाजला. नवीच होती.

“काका, बघितलंत? माझ्याकडे कोरं मशीन नाही हो. तुम्ही सांगितल्याशिवाय सोडायला मन होत नाही.”

“उघडतंय. वर्तुळ काढलं.”

“आणि स्क्रिप्ट?”

पेटीवाल्यांनी लाल अक्षरांकडे पाहिलं.

“चालतं.”

“हुश्श! तुम्ही चालतं म्हणालात म्हणजे चालतंच. टिपण पाठवते, बघून घ्या.”

बायको दारात उभी होती. “लाल आलं की चालतं म्हणायचं का?”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“काही नाही. लाल आलं की तुम्ही दोन दिवस जेवत नाही, एवढं कळतं.”

त्यांनी लॅपटॉप मिटून बाजूला सरकवला. मनात सहा वाजून गेले होते. जागोजागचे फरशीवाले ओरडत होते, नवी तोंडावर आपटली होती आणि सगळे म्हणत होते, काकांनाच बोलवा.

जेवताना टिपण आलं. शेवटची ओळ त्यांचीच होती, फक्त तिच्यात भर पडली होती. ‘कोऱ्या यंत्रावर तपासले: पेटीवाले काका.’

घास हातातच राहिला. अकरा वर्षांत पहिल्यांदा नाव आलं होतं, आणि ते नेमकं या ओळीत.

हात धुऊन त्यांनी फोन लावला.

“स्क्रिप्ट चालत नाही. प्रोग्रॅम भाषा यंत्रात शोधतोय. भाषेचं अख्खं फोल्डर त्याच्या शेजारी ठेव आणि आधी तिथे बघ असं त्याला सांग.”

“अगं बाई! मघाशी घाईत बघितलं असेल तुम्ही.”

“नाही. नीट बघितलं होतं.”

पलीकडे तिने खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

“ते नाव काढ तिथून,” ते म्हणाले. “या वेळी नको.”

“बरं,” ती हळूच म्हणाली.

चारच्या सुमारास तिचा निरोप आला. पेटी दुरुस्त झाली होती. शिवाय आता बटण दाबलं की इंटरनेटवर कुठेतरी एक तात्पुरतं कोरं यंत्र उभं राहायचं, पेटी तपासायचं आणि मोडून जायचं. म्हणजे पुन्हा कोणाला त्रास नको. पेटीवाल्यांनी नवी पेटी तरीही लॅपटॉपावर चालवली. एक ओळ लिहिली. फरशा भराभर आखल्या गेल्या. काम चोख होतं. त्यांच्यापेक्षा चोख.

सहाला पेटी बाहेर पडली.

“आलं का नाव?” बायकोने विचारलं.

“नाही.” त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. “नातीचे फोटो टाक यात.”

“आणि पुन्हा पुसायची वेळ आली की?”

“आता नाही येणार.”

तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मोबाइल घेऊन बसली. पहिल्याच फोटोत नात तोंड उघडून हसत होती. खालचे दोन दात नव्हते.

पेटीवाले चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

“पहिले आले होते, तेच का गं हे पडलेत?”

“तेच,” ती म्हणाली, आणि लॅपटॉप न हलवता त्याच्या शेजारी तिने चहाचे दोन कप ठेवले.