जाड कडेचा लॅपटॉप

मला राग पटकन येतो आणि निर्णय त्याहून पटकन होतो. घरातल्या दोन लॅपटॉपपैकी कुठला ठेवायचा, हे मी चहा उकळेपर्यंत ठरवून टाकलं. मला ऑफिसनं नवा दिला होता. उरले दोन. एक माझा, चार वर्षं वापरलेला, हलका, पातळ. दुसरा त्याच्याही आधीचा, पाट्यासारखा जड, जो माझे वडील, अप्पा, वापरत. चांगला अप्पांना ठेवायचा, जुना विकायचा. यात डोकं खाजवण्यासारखं काय होतं?

अप्पा सोलापुरी चादरींची डिझाइनं काढतात. चाळीस वर्षांतली बहुतेक त्यांनी ग्राफपेपरवर एकेक चौकोन रंगवण्यात घालवली. चौकोन असेल तशी चादर मागावर विणली जाते, एक चुकला तर नक्षी बिघडते. सहा वर्षांपूर्वी तेच काम मी त्यांना लॅपटॉपवर करायला शिकवलं.

"ह्योच राहू दे की, दाक्षी," अप्पा म्हणाले. "हात बसलाय माझा."

"अप्पा, तो सुरू होईपर्यंत माणूस अक्कलकोटला जाऊन येईल. दुसऱ्यावरपण बसेल हात."

ते गप्प झाले. अप्पांचं गप्प बसणं मी नेहमीच होकार धरते.

कुर्डुवाडीचा आदिनाथ म्हणून एक जण बायकोच्या शिकवणीसाठी जुना घ्यायला रविवारी येणार होता. सकाळी मी तो पुसायला घेतला, तर पडद्याच्या जाड काळ्या कडेवर टिकल्या! खाली आणि डावीकडे, ओळीनं चिकटवलेल्या. मी अव्वाला, म्हणजे आईला, फैलावर घेतलं.

"आरशाला लावतेस, कपाटाला लावतेस, न्हाणीच्या भिंतीला लावतेस. आता लॅपटॉपलापण?"

अव्वा भाकरी थापत होती. "लागल्या असतील की," एवढंच म्हणाली. एरवी एकाला चार ऐकवणारी माझी अव्वा! तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी टिकल्या नखानं खरवडल्या आणि चिकटा पुसून काढला.

मग अप्पांची सगळी डिझाइनं पातळ लॅपटॉपवर घालून दिली आणि त्यांना समोर बसवलं. त्यांनी तर्जनी पडद्याच्या खालच्या बाजूला फिरवली. पुन्हा फिरवली. तिथं कडा नावालाच होती, बोट टेकायला जागा नव्हती. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवून दिला.

"काय अडलं?"

"काय न्हाय."

"अप्पा!"

अव्वा पिठाच्या हातानं बाहेर आली. "सांगा की आता तिला. मी किती बोलणी खाऊ?"

अप्पांनी सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. वर्षभरापासून पडद्यावरच्या ग्राफच्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. म्हणून दर दहा चौकोनांवर एक टिकली, पन्नासाव्यावर मोठी. अव्वानं चिकटवून दिल्या होत्या. अप्पा बोटानं चाचपून मोजत आणि तिथं रंग भरत.

"मला का नाही सांगितलं?"

"काम सोडा म्हणाली असतीस."

म्हणाले असते. मी लगेच म्हणाले असते, आणि वर आपण किती काळजी करतो असं स्वतःलाच वाटून घेतलं असतं. मला रडू फुटलं. स्वतःचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

तेवढ्यात आदिनाथ दारात आला. मी डोळे पुसले आणि पातळ लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. "जुना विकायचा नाही. ठरलेल्या पैशांत हा न्या."

"ताई, बिघडलाय का काय ह्यो?"

"चालवून बघा. आणि न्यायचा तर लगेच न्या, नाहीतर माझी अक्कल परत यायची."

त्यानं तीनदा बंद करून तीनदा चालू केला. मग पिशवीत घालून असा निघाला, की मागं वळूनही बघितलं नाही.

जुना लॅपटॉप आपल्या सवडीनं सुरू झाला. अव्वानं टिकल्यांचं नवं पाकीट दिलं. या वेळी चिकटवायला मी बसले. जागा चुकली की अप्पा माझं बोट धरून सरकवत होते.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हटलं. "काम सोडायचं नाही. पण जायचं."

"व्हय," अप्पा म्हणाले. एक टिकली बोटानं दाबून बसवत म्हणाले, "लई भ्यालो होतो गं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शहाणपणाचं काही बोलावं असं पहिल्यांदाच वाटलं नाही.

अप्पा कामाला लागले. बोट कडेवरून सरकलं, थांबलं, चौकोनात रंग पडला. मग ते पडद्याजवळ वाकले, आणखी वाकले.

"दाक्षी, ह्यो काठ लाल झालाय का तपकिरी?"

उभा जन्म रंगांत गेलेल्या माणसानं मला रंग विचारला. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"लाल, अप्पा."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले, आणि पुढचा चौकोन शोधू लागले.