सूरपेटीवरचे नाव

“हे बटनं अजून दोन बोटं खाली घे,” माणिकराव म्हणाले. “‘माजी सरपंच’ लिव्हाचं राह्यलं न.”

शालिग्रामने पेचकस बाकावर आपटला. संग्रामपुरातील त्याच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात सेलवर एकच सूर धरून वाजणाऱ्या सूरपेटीचा दर्शनी पत्रा सकाळपासून तिसऱ्यांदा उघडावा लागणार होता.

“भाऊजी, बटन म्हंजे का टिकली हाये, इथून काढली अन् तिथं चिकटवली? त्याच्या मांगं पट्टी जोडेल हाये. बटन सरकलं का पट्टी सरकते, पट्टी सरकली का चारी भोकं नवे!”

“मंग पाड नवे. एवढा काऊन तापून राह्यला?”

त्या बेकेलाइटच्या पट्टीवर फौजेच्या वायरलेस विभागातून निवृत्त झालेल्या शालिग्रामने आठ महिने खपून ट्रान्झिस्टर जोडले होते. ती पत्र्यामागे चार स्क्रूंवर उभी राही. मधले अर्ध्या बोटाचे अंतर राखण्यासाठी त्याने रिकाम्या बॉलपेनांच्या नळ्या कापून घातल्या होत्या. पट्टीचा पत्र्याला यत्किंचितही स्पर्श झाला, की पेटी मुकी होई. शिवाय पत्र्याची नवी भोके तिच्याच भोकांतून पाडावी लागत, त्यामुळे दर खेपेला तिचे कोपरे ठिसूळ होत चालले होते.

पेटी होती बनाबाईसाठी. बनाबाई म्हणजे शालिग्रामची थोरली बहीण आणि माणिकरावांची पत्नी. सोनाळ्याच्या बायकांच्या भजनाचा सूर तीच धरीत असे. ती गेल्यापासून वर्षभर ज्या त्या बाईचा सूर ज्या त्या दिशेला जाई आणि भजन दुसऱ्या ओळीतच मोडे. बहिणीचा सूर आठवून आठवून शालिग्रामने पेटी त्यावर आणली होती. आज तिचे वर्षश्राद्ध. सायंकाळी पेटी देवळात प्रथमच वाजणार होती. साहित्य माणिकरावांनी पुरवले होते, तेव्हा देवळातील पंख्यांप्रमाणे पेटीवरही दात्याचे नाव येणे रीतसरच होते. परंतु हे नाव कारल्याच्या वेलासारखे वाढत होते. सकाळी नुसते ‘माणिकराव’, दहा वाजता वडिलांचे नाव, आणि आता हुद्दा!

शालिग्रामने दातओठ खात नवी भोके पाडली. भाऊराव पेंटरने अक्षरे रेखली आणि मान खाजवली.

“माणिकराव, ‘कै. बनाबाई यांचे स्मरणार्थ’ काई मावत नाई आता. बटनं आडवे येतात.”

माणिकरावांनी घड्याळाकडे पाहिले. “राहू दे मंग. कोनासाठी हाये, ते साऱ्या गावाले ठाऊक हाये.” आणि ते हारफुले आणावयास बाजारात निघून गेले.

शालिग्रामने पत्रा स्वतःकडे ओढला. मग त्याने पेचकस उचलला.

“आता काऊन खोलून राह्यले?” भाऊराव चकित झाला. “तुमीच तं बोंबलून राह्यले होते!”

“बटनं पार तळाले घेतो. तू ब्रश धुवू नको.”

चौथ्या खेपेचे शेवटचे भोक पाडताना पट्टीचा कोपरा कट्‌कन तुटला. शालिग्रामने स्वतःलाच एक सणसणीत फौजी शिवी हासडली. उरलेल्या तीन स्क्रूंवर पट्टी बसवून त्याने तुटक्या बाजूस पुठ्ठ्याची पाचर ठोकली. सोनाळ्याच्या एसटीने खड्ड्यांत ती पाचर कुठे पाडली, ते देवळात पोहोचल्यावरच कळले. सेल नवे होते, बटन फिरत होते. पेटी मात्र मुकी.

बायका टाळ घेऊन बसल्या होत्या. शालिग्राम पेटीमागे गेला, मागची फळी काढली आणि आत तर्जनी घालून पट्टीचा तुटका कोपरा पत्र्यापासून दूर धरला. सूर उमटला.

टाळांची कुजबुज थांबली. तानुबाईने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच इतरांना दटावले, “आता तरी धड म्हना, बयाहो. थे आयकून राह्यली.”

माणिकरावांनी खाली वाकून पत्रा वाचला. शेवटच्या, बनाबाईच्या ओळीवरून त्यांनी हलकेच बोट फिरवले. ओला रंग बोटाला लागला. तो त्यांनी पुसला नाही.

“शालिग्राम,” ते म्हणाले, “मांगं काऊन बसला? समोर ये न, मानसाइत.”

“हातात काम हाये, भाऊजी.”

भजन दीड तास चालले. तर्जनी बधिर झाली, तेव्हा दोन ओळींच्या मधल्या टाळांच्या गजरात त्याने अलगद बोट बदलले.