फाटकासमोर उकळणारी गाडी

त्या रुमानियन गावात प्रेतयात्रा प्रत्येक चौकात थांबते आणि प्रार्थना संपेपर्यंत शववाहिकेचं इंजिन उभ्याउभ्या चालू राहतं. या वसंतात ते तीनदा उकळलं. ज्यांच्या फाटकासमोर उकळलं, ते तिघेही आठवड्याच्या आत त्याच गाडीतून गेले.

"दुरुस्त कर रे बाबा," पाद्री गाडीच्या मिस्त्रीला, तोआदेरला, म्हणाले. "मी दिसलो की लोक फाटकं लावून घेतात."

"भुताबिताचं काही नसतं, पाद्रीबाबा. पळताना वारा लागतो, उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. तो झोपलाय."

पण दोष शोधायचा तर गाडी उकळू द्यायला हवी, आणि ती स्वतःच्या दारात उकळू देण्याइतका तोआदेर विज्ञानवादी नव्हता. त्याने ती कबरस्तानासमोर नेऊन उभी केली. तिथल्या रहिवाशांना आता कसली भीती?

तापमानाचा काटा लालात गेला तरी पंखा ढिम्म. बॅटरीची तार थेट जोडताच मात्र गरगरला. म्हणजे पंखा सुरू करणारा रेडिएटरवरचा स्विच मेला होता. गाडी गार झाल्यावर त्याने नवा बसवला, पाणी भरलं आणि पुन्हा अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. पंखा आपणहून फिरला, काटा मध्यावरून हलला नाही. शीळ घालत तो गाडी घेऊन घरी निघाला.

फाटक उघडायला तो आपल्या दारात थांबला. पंखा फिरत होता, काटा मध्यावर होता आणि बॉनेटखालून वाफ येत होती. त्याने रेडिएटरला हात लावला. तो बर्फासारखा गार होता.

"अहो," बायको खिडकीतून म्हणाली, "तुमचा काळा कोट इस्त्री करून ठेवलाय. कशासाठी केला, कोण जाणे!"