कोयनेलचा पंजा

भूत कसं बनवायचं ते मला विचारा. एक जांभळा दिवा घ्या आणि मलेरियावरचं कडूजहर कोयनेल, म्हणजे क्विनीन. दिव्याखाली धरलं की ते निळं पेटतं. आमच्या औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत मी मॅडमच्या खुर्चीच्या पाठीवर त्यानं दोन डोळे काढले होते. मॅडमची किंकाळी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. मला मेमो मिळाला, तो मी फ्रेम करून लावला.

काम माझं साधं. औषधाच्या निम्म्या बाटल्या दिव्याखाली ठेवायच्या, निम्म्या चांदीच्या कागदात गुंडाळायच्या. महिन्यानं मॅडम बघणार, उजेडानं कुठलं औषध किती मेलं. वीस वर्षं गुंडाळत होतो.

मग बाबांना मलेरिया झाला. चेष्टेत ते माझे गुरू. माझ्या दप्तरात जिवंत बेडूक सोडणारा माणूस. पण औषध म्हटलं की दातखीळ. डॉक्टरांनी तपकिरी बाटलीतलं कोयनेलचं पातळ औषध दिलं, सात दिवसांचं. पहिला चमचा माझ्या शर्टावर आला.

"बापाला विष पाजतोस?"

"विष कसलं, भुताचं पाणी आहे." मी पडदे ओढले, प्रयोगशाळेतून खिशात घालून आणलेला जांभळा दिवा चमच्यावर धरला. बाबा ताडकन उठून बसले.

"च्यायला! आण इकडे." घटाघट गिळलं. मग बशीत थोडं ओतायला लावलं, तळहात बुडवला आणि कपाटामागच्या भिंतीवर थाप मारली. दिवा धरला तर निळा पंजा, वाकड्या करंगळीसकट. "सूनबाईला दाखवू नकोस, माहेरी जाईल."

तपकिरी बाटलीत भूत दिसत नाही, ही त्यांची तक्रार. म्हणून मी औषध सरबताच्या स्वच्छ काचेच्या बाटलीत ओतलं. त्यांनी ती खिडकीत ठेवली. उन्हात कडेला निळसर झाक यायची, आल्यागेल्याला दाखवायचे. ताप उतरला. मी खूश. बाप औषध घेतोय, तेही मागून!

पाचव्या दिवशी ताप पुन्हा चढला. मी कामावर होतो, बाटली गुंडाळत होतो. अर्ध्यातच हात थांबला. दुसऱ्यांच्या औषधाला वीस वर्षं कागद, आणि बापाचं औषध उन्हात!

पळत घरी आलो. बाटलीतलं पाणी फिक्क्या चहासारखं झालेलं. डॉक्टर त्यातलंच चमच्यात ओतत होते. "डोस वाढवू," म्हणाले.

"डॉक्टर, ते मेलंय. उन्हानं. माझ्यामुळे."

"पुरे हो!" बायको कडाडली. "ते तापानं फणफणलेत आणि तुम्हाला चेष्टा सुचतेय?"

"तुझ्या गळ्याशप्पथ."

"माझ्या गळ्याची शपथ तुम्ही आठवड्यातून तीनदा घेता."

डॉक्टरही कसंनुसं हसले. आदल्याच वर्षी मी त्यांच्या स्टेथोस्कोपच्या नळीत कापूस कोंबला होता. वीस वर्षांत कमावलेलं सगळं त्या खोलीत माझ्यासमोर उभं होतं. मी बाटली हिसकावली, बायकोनं ती परत घेतली. दुपारचा डोसही त्या मेलेल्या पाण्याचाच गेला.

संध्याकाळी मी दुकानातून नवी बाटली आणली. बशीत दोन चमचे शेजारी शेजारी ठेवले, एक नव्या औषधाचा, एक उन्हातल्या, आणि दिवा धरला. एक गॅसच्या ज्योतीसारखा पेटला. दुसरा राखेसारखा पडून राहिला. डॉक्टरांनी तिथूनच दवाखान्यात फोन लावला.

दवाखान्यात सलाईनची सुई लागल्यावर बाबांनी डोळे किलकिले केले. "भूत मेलं का रे?"

"नाही बाबा. दुसरं आणलंय."

"मग आधी सांगायचं नाही, गाढवा?" हसले. हसू अर्ध्यावर राहिलं. सकाळी गेले.

भिंतीला रंग द्यायला माणूस आला तेव्हा मी कपाटाला पाठ लावून उभा राहिलो. नंतर कधी फार आठवण आली की कपाट सरकवायचो, दिवा लावायचो, दोन मोजून बंद. दोनच. कारण ज्या दिव्यात तो पंजा दिसतो तोच दिवा त्याला खातो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? गेल्या वर्षी लावला तर करंगळी नव्हती. चार बोटं, तीही धुरकट.

त्याच दिवशी प्रयोगशाळेतला चांदीचा कागद आणला आणि भिंतीवर चिकटवला, चारी कडा दाबून. दिवा मॅडमना परत केला.

"कपाटामागे काय चिकटवलंय हो?" बायकोनं विचारलं.

"भूत आहे आत."

ती हसली नाही. निघालेला एक कोपरा तिनं अंगठ्यानं दाबून बसवला.