ओरेन उतरून गेला

मला कोणी सांगितलं असतं ना, की सुचिता, या वयात तू एका गेमच्या प्रेमात पडशील, तर मी त्याला दारातूनच हाकलला असता. गेम म्हणजे माझ्या नवऱ्याचं, तेजसचं खूळ. टीव्हीखालचं ते काळं मशीन मी फक्त पुसायचे. एका रविवारी तो म्हणाला, “जरा धर, मी दूध घेऊन येतो,” आणि रिमोट माझ्या हातात कोंबला. पडद्यावर अवकाशयान, त्यात एक म्हातारा पायलट. ओरेन त्याचं नाव. तो माझ्याकडे वळून विचारतो, “कॅप्टन, कुठे जायचं?”

कॅप्टन! रबाळ्याला कंपनीत इतकी वर्षं डिस्पॅच सांभाळतेय, मला कोणी असं विचारलं नव्हतं. तेजस दूध घेऊन आला तेव्हा मी कुठल्या कुठे पोचले होते. त्याने रिमोट मागितला, मी दिला नाही.

गेमचं इंग्रजी नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. सुरुवातीला गोळ्या झाडताना मी डोळेच मिटायचे, आता अंगठा दुखेपर्यंत झाडते. पण जीव अडकला तो बोलण्यात. मारामारी संपली की सगळे यानात बसून गप्पा मारायचे, आणि तुम्ही काय उत्तर निवडता त्यावर पुढची गोष्ट फिरायची. कंपनीत मालाची चलनं तपासताना माझं लक्ष उडायचं. ओरेनला काल मी फार तोडून बोलले का? आज त्याची समजूत काढू का? कामोठ्याला घरी पोचून चप्पल काढेपर्यंत धीर निघायचा नाही.

त्यात बाबांचं टेन्शन. बाबा, म्हणजे हिरामण, पावणे गावात आमच्या जुन्या घरात एकटे राहतात. आई गेली, आजूबाजूला नुसती वर्कशॉपं, दिवसभर ठोकाठोक. मधे मोरीत घसरून पडले. तेव्हा मी आणि माझा भाऊ मितेश, दोघांनी ठरवलं की त्यांना माझ्याकडे कामोठ्याला आणायचं. खोली तयार केली, रविवारचा टेम्पो सांगितला. बाबा म्हणाले, “मना नको. मी हितंच बरा हाय.”

आम्ही कुठे लक्ष देतोय! आमच्यात पहिल्या ‘नको’ला किंमतच नाही. जेवणारा ताटावर आडवा हात धरतो, आपण त्या हाताच्या फटीतून वाढायचं. नाही वाढलं, तर उद्या गावभर होतं की हिच्या घरी हात आखडतात. स्वतः बाबांनी लग्नानंतर तेजसला कोलंबीचं कालवण वाढून वाढून रडकुंडीला आणला होता. त्यामुळे ते नको म्हणत राहिले, आम्ही सामान बांधत राहिलो.

शनिवारी मला सुट्टी होती. दुपारी खेळायला बसले आणि नेमका ओरेनचा ग्रह आला. तिथला सूर्य विझत चाललेला, लोकांना यानात भरून न्यायचं होतं. सगळे चढले, ओरेन खालीच उभा. म्हणाला, “मी इथेच राहतो, कॅप्टन. तू जा.”

पडद्यावर उत्तरं आली. पहिलं होतं, ‘बरं.’ असं कोणी म्हणतं का? मी दुसरं दाबलं, ‘चल ना.’ तो नाही म्हणाला. मी परत दाबलं. परत नाही. त्याच्या नावाखाली एक निळी पट्टी होती, ती लहान लहान होत चाललेली. मला वाटलं, वा, विरघळतोय म्हातारा! शेवटी मी ‘हा कॅप्टनचा हुकूम आहे’ दाबलं आणि त्याला वर चढवलाच. इतकी खूश झाले की सोफ्यावर पाय वर घेऊन बसले.

पुढच्याच स्टेशनवर ओरेन उठला. “मी तुला नाही म्हटलं होतं,” तो म्हणाला. “तू ऐकलंस कुठे?” आणि उतरून गेला. पायलटची खुर्ची रिकामी.

“हा काय फालतूपणा?” मी ओरडले. तेजस आतून धावत आला, पडदा बघून हसायलाच लागला. “अगं, ती भरवशाची पट्टी असते. तूच संपवलीस.”

“मला वाटलं त्याचा हट्ट कमी होतोय! त्याला यायचं नव्हतं तर नीट सांगायचं ना!”

“तीन वेळा सांगितलं की त्याने. मला आतपर्यंत ऐकू आलं.”

मागे जाऊन बदलायचं म्हटलं, तर त्यावरच सेव्ह झालेलं. मला बसवेना. बाल्कनीत गेले, आत आले, परत बाल्कनीत. कुकरमध्ये डाळ लागली, वास आला तो शेजारणीने सांगितल्यावर. एका खोट्या म्हाताऱ्यासाठी एवढं कशाला, असं स्वतःला दरडावत होते. पण मला रडू येत होतं, आणि ते ओरेनसाठी नव्हतं हे मला कळत होतं.

रविवारी डबा घेऊन पावण्याला गेले. मितेश दोऱ्या घेऊन हजर, टेम्पोवाला बाहेर हॉर्न मारतोय. बाबा खाली बसून जेवत होते. मी भात घेऊन पुढे वाकले, त्यांनी ताटावर हात आडवा धरला. “नको.”

माझा हात सवयीने पुढे गेला होता. तो मी मागे घेतला आणि भात टोपात ठेवला.

बाबा तसेच ताट झाकून बसले. मग वर बघितलं. “काय झाला गो?”

“तू नको बोललास ना.”

ते म्हणाले, “मना जायचा नाय, सुचे.”

“बरं,” मी म्हटलं.

बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला परत पाठवला. मितेश भडकला, “उद्या पडला तर कोण जबाबदार?” मी म्हटलं, “मी. मोरीत धरायला दांडा बसव, आणि रोज कामावरून सुटले की मी इथे येणार.” तो तणतणत दोऱ्या गुंडाळत राहिला. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

आत आले तर बाबांचे डोळे भरलेले. ताटावरचा हात त्यांनी कधीच काढला होता.

“वाढ आता थोडा,” ते म्हणाले.